शरदातील पाहुणे

भाद्रपद सरत येतो. हस्ताच्या सरी अखेरचा गडगडाट करून निघून जातात, ओढ्यांचे गढूळ पाणी निवळू लागते आणि चार महिने मेघांनी झाकलेले आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ दिसू लागते. बांधावरचे गवत कमरेएवढे वाढलेले असते, बाजरी कापणीस आलेली असते आणि रब्बीच्या जोंधळ्यासाठी शेतकऱ्याची पाभर शेतात फिरू लागते. घरोघरी नवरात्राची लगबग सुरू होते. ह्याच दिवसांत आणखी एक मोठी घटना घडत असते; पण ती इतकी निःशब्दपणे घडते, की बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही. रात्रीच्या अंधारातून, ताऱ्यांच्या प्रकाशात, उत्तरेकडून लक्षावधी पक्षी दक्षिणेकडे येत असतात. सकाळी उठून पाहावे, तो काल नसलेला एखादा चिमुकला पक्षी ओलसर जमिनीवर तुरुतुरु धावताना दिसतो. त्याची शेपटी सारखी वरखाली होत असते. नदीकाठी कपडे आपटणाऱ्या माणसाची आठवण होऊन लोकांनी त्याला धोबी किंवा परीट असे नाव दिले आहे. शरदातील पाहुण्यांच्या आगमनाची पहिली वर्दी बहुधा हाच देतो.

हे पाहुणे येतात कोठून, आणि एवढा दूरचा प्रवास कशासाठी करतात? कोणी हिमालयाच्या उतारावरून येतो, कोणी तिबेटच्या पठारावरून, तर कोणी मंगोलिया व सैबेरिया ह्या दूरच्या प्रदेशांतून. तेथे हिवाळा आला म्हणजे तळी गोठतात, जमीन बर्फाखाली जाते, किडे नाहीसे होतात आणि दिवस अगदी लहान होतो. पक्ष्यांच्या अंगावर पिसांचे उबदार पांघरूण असते, तेव्हा केवळ थंडीला ते भीत नाहीत. त्यांना हुसकावून लावते ती भूक. उलट उन्हाळ्यात त्याच प्रदेशात दिवस फार मोठे असतात आणि किड्यांची व गवताची रेलचेल असते. पिलांना भरविण्यास ह्याहून चांगले ठिकाण कोणते? म्हणून घरटी तेथे बांधावयाची आणि हिवाळा दक्षिणेत काढावयाचा, असा ह्या पक्ष्यांचा युगानुयुगांचा क्रम आहे. येथे ते पाहुणे म्हणून राहतात; घरटे बांधीत नाहीत.

प्रवासाची तयारी कित्येक दिवस आधीपासून होते. दिवस लहान होऊ लागला, की पक्ष्यांच्या शरीराला जणू इशारा मिळतो. ते अधिक खाऊ लागतात आणि कातडीखाली चरबीचा साठा करतात. हीच त्यांची वाटेतली शिदोरी. दिवसा सूर्य, रात्री तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व ह्यांच्या आधाराने ते दिशा ओळखतात, असे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब नावाचा हंस तर प्रत्यक्ष हिमालय ओलांडून येतो. त्याच्या पाठीवर बसविलेल्या यंत्रांवरून तो सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरूनही उडतो, असे आढळले आहे. जेथे गिर्यारोहकाला एकेक पाऊल टाकताना धाप लागते, तेथे हा पक्षी पंख मारीत पुढे जात असतो.

समुद्रकिनारी राहणाऱ्यांना असे पाहुणे भरपूर दिसतात; कारण खाड्यांतील चिखलावर त्यांच्यासाठी अन्न सदैव मांडलेले असते. देशावरची गोष्ट निराळी. सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस थोडा. मोठी नैसर्गिक सरोवरे नाहीत म्हटले तरी चालेल. परंतु माणसाने शेतीसाठी नद्या अडविल्या आणि ह्या कोरड्या मुलखात पाण्याचे मोठे विस्तार निर्माण झाले. पैठणजवळचा नाथसागर आणि भीमेवरील उजनीचे धरण ही त्यांची ठळक उदाहरणे होत. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा ह्या नद्यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी एक बंधारा बांधला गेला. हेतू होता शेतीला पाणी देण्याचा. पण वर्षानुवर्षे नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. त्यातून बेटे झाली, उथळ पाणी पसरले, पाणवनस्पती माजल्या आणि पाहता पाहता ते पक्ष्यांचे माहेरघर बनले. १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर ह्या नगरात अनेक राष्ट्रांनी एक करार केला होता. त्या कराराच्या यादीत महाराष्ट्रातील जे पहिले स्थळ समाविष्ट झाले, ते नांदूर मध्यमेश्वर होय. ही घोषणा २०२० मध्ये झाली.

आश्विन-कार्तिकात अशा जलाशयाच्या काठी भल्या पहाटे उभे राहावे. धुके हळूहळू विरळ होते आणि पाण्यावरचे काळे ठिपके आकार घेऊ लागतात. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, फावड्यासारखी रुंद चोच पाण्यात फिरविणारे थापट्या बदक, नारिंगी-तपकिरी रंगाचे चक्रवाक, काठच्या चिखलात लगबगीने चोची खुपसणाऱ्या तुतारी आणि लव्हाळ्यांवरून संथपणे घिरट्या घालणारा भोवत्या हे येथले नेहमीचे पाहुणे. एखाद्या दिवशी मात्र ह्या गर्दीत कोणी अनोळखी दिसतो. उंच लाल पायांचा काळा करकोचा काठावर एकटाच उभा असतो, किंवा कैकर आकाशातून पाय पुढे करून पाण्यावर झेपावतो आणि नखांत मासा धरून वर उठतो. असा दुर्मीळ पाहुणा दिसला, की निरीक्षकाचा दिवस सार्थकी लागतो.

दुर्मीळ पक्षी कोणाला दिसतो? पुष्कळांस वाटते, की ज्याच्याजवळ भारी दुर्बीण असेल किंवा जो दूरदूरच्या अरण्यांत हिंडेल, त्यालाच तो दिसेल. खरी गोष्ट वेगळी आहे. ज्याला नेहमीचे पक्षी पूर्णपणे ठाऊक आहेत, त्यालाच दुर्मीळ पक्षी ओळखता येतो. गावात परका माणूस आला, हे गावकऱ्याला तत्काळ कळते. वाटसरूला सारेच परके असतात. पक्ष्यांचेही तसेच आहे. आपल्या नद्यांच्या काठी एक मोठा धोबी बारा महिने राहतो. त्याचे डोके, पाठ व गळा काळे असून डोळ्यांवर पांढरी भुवई असते. शरदात येणारा पांढरा धोबी त्याच्यासारखाच दिसतो. पण त्याची पाठ राखी व चेहरा पांढरा असतो. ज्याने पहिला धोबी शंभर वेळा न्याहाळला आहे, त्याच्या नजरेत दुसरा चटकन भरेल. ज्याने कधीच पाहिला नाही, त्याला दोन्ही सारखेच.

शरद ऋतूत ही पारख विशेष कठीण असते. अनेक जातींच्या बदकांतील नरांची रंगीत पिसे उन्हाळ्याच्या अखेरीस गळून गेलेली असतात आणि ते मादीप्रमाणे मळकट तपकिरी दिसतात. शिवाय त्या वर्षी जन्मलेली पिलेही थव्यात असतात. त्यांची पिसे प्रौढ पक्ष्यांहून निराळी असतात. पहिल्याच प्रवासात वाट चुकून भलत्याच प्रदेशी जाणाऱ्यांत अशी पोरवयाची पाखरे पुष्कळदा असतात. म्हणून केवळ रंगावर विसंबून चालत नाही. आकार ओळखीच्या पक्ष्याएवढा आहे की त्याहून मोठा, चोच सरळ की बाकदार, पायांचा रंग कोणता, बसण्याची व उडण्याची ढब कशी, आवाज कसा, ह्या साऱ्यांचा विचार करावा लागतो.

जे पाहिले, ते तेथल्या तेथे वहीत लिहून ठेवणे ही चांगल्या निरीक्षकाची पहिली सवय. दिनांक, वेळ, ठिकाण, हवामान, पक्ष्यांची संख्या आणि प्रत्यक्ष दिसलेल्या खुणा एवढे लिहिले तरी पुरे. पुस्तक उघडावयाचे ते नंतर. आधी पुस्तक उघडले, तर चित्रातल्या खुणा डोळ्यांपुढे नाचू लागतात आणि न पाहिलेलेही पाहिल्यासारखे वाटू लागते. आज हाती भ्रमणध्वनी असतो, त्यावर छायाचित्र घेता येते आणि ई-बर्डसारख्या जागतिक संग्रहात एका क्षणात नोंद पाठविता येते. साधने बदलली, पण नियम तोच राहिला. जे दिसले ते लिहावे, जे दिसावेसे वाटले ते लिहू नये. आणि ओळख पटली नाही, तर ‘ओळख पटली नाही’ असे स्वच्छ लिहावे. हे तीन शब्द लिहिण्यास थोडे धैर्य लागते. परंतु ते ज्याच्या वहीत आढळतात, त्याच्या इतर नोंदींवर जाणकार विश्वास ठेवतात.

खोट्या नोंदीने केवढा अनर्थ होतो, हे रानपिंगळ्याच्या कथेवरून कळते. रानपिंगळा हा पाहुणा नव्हे. तो मध्य भारतातील वनांचा रहिवासी असलेला एक लहानसा घुबडवर्गीय पक्षी आहे. १८८४ नंतर तो कोणाला खात्रीने आढळला नव्हता. मात्र रिचर्ड माइनर्ट्सहागेन ह्या इंग्रज संग्राहकाच्या संग्रहात त्याचा एक नमुना होता आणि त्यावरील चिठ्ठीत ‘मांडवी, गुजरात, १९१४’ असे स्थळ व वर्ष लिहिलेले होते. साहजिकच त्या चिठ्ठीवर विसंबून शोध होऊ लागला आणि व्यर्थ जाऊ लागला. पुढे पामेला रास्मुसेन ह्या अमेरिकन संशोधक विदुषीने जुन्या नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. तो नमुना मूळचा खानदेशातला होता. एकोणिसाव्या शतकात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने तो मिळविला होता. संग्रहालयातून तो चोरून, पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती! खोटी नोंद बाजूला सारून रास्मुसेन व त्यांचे सहकारी खऱ्या नोंदींच्या मागोमाग गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षे नाहीसा मानलेला पक्षी पुन्हा सापडला. ज्या जुन्या नोंदी प्रामाणिकपणे केलेल्या होत्या, त्यांनीच ही वाट दाखविली.

खरी नोंद पाहुण्या पक्ष्यांचा मार्गही उलगडून दाखविते. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली. पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचे हलके वाळे घालून त्यांना सोडून देण्याचे काम तिने १९२७ मध्ये भारतात सुरू केले. वाळे घातलेला पक्षी दुसऱ्या मुलखात आढळला आणि पाहणाऱ्याने तो क्रमांक कळविला, की प्रवासाची दोन टोके जुळतात. मंगोलियात मानेला क्रमांकाचा पट्टा बांधलेले पट्टकादंब विदर्भातील तळ्यांवर दिसले आहेत. अशा एका नोंदीने मंगोलियातील सरोवर आणि विदर्भातील गावतळे ह्यांचे नाते प्रकट होते; आणि एक तळे बुजले, तर दुसऱ्याचे पक्षी उपाशी राहतील, हेही ध्यानात येते.

असे नाते कसे जपले जाते, ह्याचे एक उदाहरण मनात ठेवण्यासारखे आहे. अमूर ससाणा हा पारव्याहूनही लहान असा शिकारी पक्षी. आग्नेय सैबेरिया व उत्तर चीन येथे तो घरटी करतो आणि हिवाळ्यासाठी थेट आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचे प्रचंड थवे नागालँडमधील डोयांग जलाशयावर उतरतात आणि किडे खाऊन पुष्ट होतात. मग भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून ते आफ्रिका गाठतात. समुद्रावर त्यांना टेकावयास काडीचाही आधार नसतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याच्या आसपास, ह्या प्रवासातील काही ससाणे हिवाळ्याच्या आरंभी अल्पकाळ दिसतात. महाराष्ट्रातील पक्षिनिरीक्षक त्यांची दरवर्षी आतुरतेने वाट पाहतात.

२०१२ मध्ये डोयांगच्या काठी हजारो ससाणे जाळी लावून पकडले व मारले जात असल्याचे उघडकीस आले. मासे धरून पोट भरणाऱ्या तेथील लोकांस ते दरवर्षीचे उत्पन्न वाटे. ही पाखरे कोठून येतात, कोठे जातात आणि किती संकटांतून वाट काढतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. निरीक्षकांनी, संस्थांनी व शासनाने ते समजावून सांगितले. पांगती व आसपासच्या गावांच्या पंचांनी शिकारीस बंदी केली आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ती शिकार थांबली. उत्पन्न बुडत असताही गावकऱ्यांनी हा निर्णय पाळला, हे विशेष. त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर लहानशी यंत्रे बसवून त्यांना सोडण्यात आले. ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’ अशी त्यांना नावे दिली. यंत्रांकडून येणाऱ्या संदेशांवरून त्यांचा आफ्रिकेपर्यंतचा मार्ग साऱ्या जगाला दिसला. लोणावळ्याच्या आकाशात एखादा अमूर ससाणा दिसला, तर त्याच्या पंखांमागे त्या दूरच्या गावकऱ्यांचाही हातभार असतो.

महाराष्ट्रात २०२० पासून दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ पाळला जातो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली ह्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली ह्यांचा १२ नोव्हेंबर. ह्या दोघांचे स्मरण करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे आपल्या गावच्या तळ्याकाठी शांतपणे बसणे. तेथे आरडाओरडा करू नये. हजारो कोसांचा प्रवास करून आलेला पक्षी थकलेला व भुकेला असतो. छायाचित्रासाठी त्याला वारंवार उडविले, तर चरबीच्या रूपाने जपून आणलेली त्याची शिदोरी फुकट खर्च होते. दुर्मीळ पक्षी दिसला, तर त्याच्या विश्रांतीची जागा बोभाटा करून सर्वांस सांगू नये. पाहुण्याला पोटभर अन्न आणि निवांत विसावा मिळावा, एवढे यजमानाने पाहावे.

फाल्गुन-चैत्रात ऊन तापू लागले, की हे पाहुणे एकेक करून निघून जातात. जाताना ते निरोप घेत नाहीत. एके सकाळी अंगणात धोबी दिसत नाही, एवढेच. वहीत त्याही दिवसाची नोंद करावी. तो कधी आला आणि कधी गेला, हे दहा वर्षे खरेपणाने लिहिले गेले, तर त्या साध्या वहीतून ऋतूंची चाल, तळ्याचे आरोग्य आणि पाखरांचे क्षेमकुशल वाचता येते. असे काम करावयास मोठे वय लागत नाही. उघडे डोळे, थोडा धीर आणि खरे लिहिणारी लेखणी एवढे पुरे.

अभ्यास

१. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना उत्तरेकडून दक्षिणेकडे येण्यास खरोखर कोणती गोष्ट भाग पाडते?

२. शेतीसाठी बांधलेला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा पक्ष्यांचे माहेरघर कसा बनला, ते तुमच्या शब्दांत सांगा.

३. ‘गावात परका माणूस आला, हे गावकऱ्याला तत्काळ कळते, वाटसरूला सारेच परके असतात.’ ह्या वाक्याचा पक्षिनिरीक्षणाशी असलेला संबंध स्पष्ट करा.

४. रानपिंगळ्याच्या शोधात खोट्या चिठ्ठीने कोणता अडथळा आला? खऱ्या नोंदींचा काय उपयोग झाला?

५. डोयांगच्या काठच्या गावकऱ्यांनी केलेला त्याग तुम्हांस कसा वाटतो? आठ-दहा ओळी लिहा.

६. पुढील शब्द वाक्यांत योजा : शिदोरी, माहेरघर, ढब, बोभाटा, क्षेमकुशल.

७. आठ दिवस रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी बसून दिसलेल्या पक्ष्यांची नोंद करा. ज्यांची ओळख पटली नाही, त्यांच्या खुणा लिहा. नाव अंदाजाने लिहू नका.